दादा दिसले की उतरायचं

आमच्या नेकनूरच्या घरात भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, समोर आला की भावजयीने बसायचं नाही. बसलेली असली तर उठायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि तो पुढे जाईपर्यंत उभं राहायचं. त्याच्याशी सरळ बोलायचंही नाही, मध्ये कुणीतरी लागतं. माणूस नसेल तर खांब चालतो. “त्यान्ला म्हणावं, ताट वाढलंय,” असं मी चाळीस वर्षं माजघरातल्या खांबाला सांगत आले. त्या खांबाला आमच्या घरातलं सगळं माहीत आहे.

मी काही अडाणी बाई नाही. पस्तीस वर्षं अंगणवाडी चालवली, बैठकीत साहेबांच्या समोर खुर्चीवर बसून त्यांच्याशी भांडले. पण घरी भाया दिसले की उभी. सक्ती कुणीच केली नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. सक्ती केली असती तर मी ती रीत पहिल्याच वर्षी मोडली असती.

भायांना सगळं घर दादा म्हणतं. त्यांना यंदा ऐंशीवं लागलं. त्यांच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, गावजेवण घालायचं सोडून आम्हाला जहाजावर न्यायचं काढलं. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात हिंडायचं, परत मुंबईला उतरायचं. मी नाहीच म्हणणार होते, कारण माझे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले, झिजले. झिजणारच. आधी विहिरीवरून घागरी आणल्या, विहीर आटली तेव्हा टँकरपासून आणल्या. घरात चौदा माणसं. बाकीचे अर्ध्या बादलीत भागवत, दादांना मात्र आंघोळीला दोन बादल्या लागत, कितीही टंचाई असो. पण पुतण्या म्हणाला, “काकू, जहाजाच्या पुढच्या टोकाला गेलं की चारी बाजूंनी नुसतं पाणी दिसतं.” मी लगेच हो म्हटलं. उचलून आणावं लागणार नाही असं पाणी मला एकदा बघायचं होतं.

जहाजावर खोलीपासून जेवणाच्या हॉलपर्यंतचं अंतर आमच्या स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत असेल. पहिल्याच फेरीत मी भिंत धरली. मग पुतण्याने जहाजावरच भाड्याने मोबिलिटी स्कूटर घेऊन दिली. चाकं लावलेली खुर्ची, पुढे हँडल, किल्ली, भोंगा. वेगाच्या बटणावर एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. ससा-कासव मी हजारदा पोरांना तक्त्यावर दाखवलेलं, त्यामुळे शिकवायला कुणी लागलं नाही. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, गाडीच्या पूजेला घरून नारळ आणलेला. तो बंदरावरच्या तपासणीत गेला. तेव्हा त्यांनी जेवणाच्या हॉलमधून लिंबू आणून चाकाखाली ठेवलं. गालिच्यावर रस सांडला आणि सफाईवाला काही न विचारता पुसून गेला.

मी कासवावर निघाले. फार बरं वाटलं. दोन वर्षांनी मी कुठेतरी न कण्हता चालले होते. पहिलं वळण घेतलं, तर समोरून दादा. धोतर, टोपी, हात मागे बांधलेले, गावातल्यासारखेच फिरायला निघालेले. मी किल्ली बंद केली, हँडल धरून कशीबशी उतरले, पदर घेतला आणि गाडीशेजारी उभी राहिले. दादा खाली बघत गेले. मग पुन्हा चढायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

दादांचे पाय ठणठणीत आणि त्यांना दुसरा उद्योग नाही. त्या दिवशी ते मला सात वेळा दिसले. मी सात वेळा उतरले. गाडी नव्हती तेव्हा इतके गुडघे दुखले नव्हते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. त्यात एका गुजराती बाईने मला तीनदा उठताना पाहिलं. चौथ्यांदा ती हिंदीत म्हणाली, “चांगलं तर उठता येतं तुम्हाला. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी असतात या गाड्या.” भाया म्हणजे काय हे हिंदीतून सांगायला मला जहाजाची पुढची फेरीही पुरली नसती.

मालक रात्री वैतागले. “कावून उतरती गं सारखी? लोकं हसायलेत.”

“मग तुमी दादान्ला सांगा की.”

ते सांगायला गेले आणि परत आले. दादा म्हणाले होते, “मी कुठं उतरा म्हणलो? रीत हाय ती.” म्हणजे रीत त्यांनी लावली नव्हती, मी लावली नव्हती, आणि मोडायची कुणी याचा पत्ता नव्हता.

पण दादांच्या मनाला ते लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते लपायला लागले. मी लांब दिसले की पडद्यामागे, खांबामागे, दुकानातल्या चष्म्यांच्या फिरत्या मांडणीमागे. मांडणी फिरली की धोतर दिसायचं. त्यांची तारांबळ बघवेना, म्हणून मी प्रत्येक वळणाआधी भोंगा वाजवायला लागले. भोंगा ऐकला की ते मिळेल त्या दारात शिरत. तिसऱ्या दिवशी त्यांना जे दार मिळालं ते नाच शिकवायच्या खोलीचं होतं. काचेतून बघते तर वीस-पंचवीस माणसं हात वर करून डुलताहेत आणि मधोमध आमचे दादा, टोपी सांभाळत, माझ्याकडे पाठ करून, हात वर. मी हसू दाबत पुढे गेले. हसले खरी, पण स्वतःचा रागही आला. ऐंशी वर्षांच्या माणसाला मी नाचायला लावलं होतं.

आणि एवढं करून मी पुढचं टोक पाहिलंच नव्हतं. दादांना सगळ्या जहाजात तेवढीच जागा आवडली होती. सकाळ-संध्याकाळ ते तिथेच असत, आणि तिथे लपायला आडोसा नव्हता. मी गेले तर एक तर मी उभी, नाही तर ते समुद्रात.

शेवटच्या दिवशी सकाळी मी ठरवलं की आज नाही तर कधीच नाही. दुपारी मुंबई दिसणार होती. दादा चहाला गेल्याचं मालकांकडून कळलं तशी मी निघाले. लिफ्टमध्ये सरळ शिरले, त्यामुळे माझं तोंड मागच्या भिंतीकडे. त्या भिंतीला आरसा. पुढच्या मजल्यावर दार उघडलं, चार माणसं घुसली, आणि आरशात बघते तर त्यात दादा.

आरशातला भाया समोर धरायचा की मागे, हे रीतीत कुठे सांगितलेलं नाही. दोन्ही बाजूंनी भिंती, पाय खाली टाकायला वीतभर जागा नाही. तरी मी उठायला गेले. हात भोंग्यावर पडला आणि सगळी लिफ्ट दचकली.

दादांनी तोंड बटणांच्या पाटीकडे केलं. पाटीला म्हणाले, “त्यान्ला म्हणावं, बसूनच ऱ्हावा. उतरायचं काम न्हाई.”

शेजारच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला कुठला तरी मजला पाहिजे. त्याने मदत म्हणून चार-पाच बटणं दाबली. मग आम्ही प्रत्येक मजल्यावर थांबत वर गेलो, मी बसलेली, दादा उभे, आणि दोघंही आरशात बघायचं टाळत होतो.

वर आल्यावर गाडी उलटी काढायची होती. दादा आधी बाहेर पडले आणि उसाची ट्रॉली मागं घेताना गावात उभे राहतात तसे उभे राहिले. “येऊ द्या. येऊ द्या. जरा डावीकडं. हां.” हे सगळं गाडीशी. मग पुढे होऊन लोकांना बाजूला करत ते थेट टोकापर्यंत गेले आणि मी मागोमाग.

पाणी होतं. चारी बाजूंनी, नजर पुरेल तिथवर. एकही घागर नाही, रांग नाही. मी बघत राहिले.

दादा कठड्याशी पाठमोरे उभे होते. कठड्यालाच म्हणाले, “रोज दोन बादल्या घ्यायचो मी. ते पाणी त्यान्च्या गुडघ्यातून यायचं. कळत व्हतं मला. त्यान्ला म्हणावं, कळत व्हतं.”

मला रडू आलं. दादा वळले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. माझा हात सवयीने किल्लीकडे गेला. तिथेच थांबला.

तेवढ्यात ती गुजराती बाई शेजारून गेली. दादांकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आज नाही उठत?”

“नाही,” मी म्हटलं. “गुडघे दुखतात.”