भाऊबीजेची रजा

त्या दिवाळीत मला रजा मिळाली होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, माझ्या कुटुंबाला नाही, आणि जिला सांगायला हवे होते तिला तर नाहीच. छापखान्याच्या कामाने मला सोडले नाही अशी सगळ्यांची समजूत आहे. ती मीच करून दिली आणि पुढे कधी मोडू दिली नाही.

आधी कल्याण सोडले तो दिवस सांगतो. आगगाडी होती, पण वडिलांचा तिच्यावर भरवसा नव्हता, आणि माझ्याबरोबर तांदळाचे पोते आणि जाते होते. म्हणून कोलशेतच्या एका नावाड्याच्या मचव्याने जायचे ठरले. ओहोटी लागली की निघायचे होते. घरात पुरणाचा वास, दारात शेजारपाजारची मंडळी. आईने हातावर दही घातले आणि नेहमीचेच वाक्य म्हणाली, "घासभर कमी खा, पण एकटा जेवू नकोस." वडील पोत्याचे तोंड पुन्हा आवळत होते. थोरले काका मात्र ठाण्यात कोणाकडे जेवावे आणि कोणाकडे पाणीही पिऊ नये हे सांगत होते.

यमू तेवढी दिसली नाही. यमू माझी धाकटी बहीण. आठव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि नववे लागायच्या आत नवरा देवीच्या साथीत गेला. प्रवासाला निघणाऱ्याच्या समोर ती येऊ नये म्हणून काकांनी तिला माजघरात बसवले होते. मी पाणी पिण्याचे निमित्त करून आत गेलो. पावले ओळखून तिने तोंड भिंतीकडे फिरवले, मला तिचा चेहरा दिसून अपशकुन होऊ नये म्हणून. चौदा वर्षांची पोर. पाठीवर जाड वेणी. तशीच पाठमोरी म्हणाली, "दादा, तुझं बस्तान बसलं की मला ने हं."

मी म्हणालो, "दिवाळीला नेतो."

ती वेणी कशी राहिली होती तेही सांगायला हवे. मुलगी मोठी झाली की केस उतरवायचे ही रीत, आणि काकांचा त्याविषयी वर्षभर लकडा लागला होता. वडील आज नको, पुढे पाहू, असे करीत होते. "सगळं रीतीनं होईल," एवढेच म्हणत. त्या वाक्यात होकार होता की नकार, हे घरात कोणालाच कळत नसे.

ठाण्यात मासुंदा तळ्याच्या काठी दोन खणांची जागा मिळाली आणि कुटुंबही तिथे आले. छापखान्यात मला प्रुफे तपासायचे काम होते. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने शिशाच्या खिळ्यांचा छाप पाहत चुकांवर खुणा करायच्या. दिवसभर नव्या कादंबऱ्या कानावरून जात. पूर्वी कादंबरी म्हटली की राजपुत्र, बाग, कारंजे आणि एखादा साधू. माझ्या डोळ्यांदेखत ते बदलले आणि पुस्तकांत आपलीच घरे येऊ लागली. त्या वर्षी आमच्याकडे एका बालविधवेची गोष्ट छापायला आली. लिहिणारा मुंबईचा कोणी हापिसातला गृहस्थ होता. भाषा जरा फुगलेली, वर्णने पाल्हाळिक, पण मुलीच्या तोंडची वाक्ये खरी. ती वाचताना मी मधेच थांबे आणि पुन्हा वाची. संध्याकाळी चार स्नेही आमच्याकडे जमत, त्यांना मी त्यातले प्रसंग सांगे आणि समाज किती निर्दय आहे यावर आम्ही तावातावाने बोलत असू. त्यातला वकील तर डोळे पुसत असे. माझे कुटुंब आतून सुपारी पाठवी. एकदा सगळे गेल्यावर ती म्हणाली, "एवढं रडायला येतं, तर आपल्या घरची आणा की आधी."

तिने माडीच्या जिन्याखालचा कोपरा यमूसाठी मोकळा केला होता. एक वळकटीही बांधून ठेवली होती.

छापखान्यात डाग पडलेले, वाकडे उठलेले ताव बाजूला काढत. मी कल्याणला जाई तेव्हा ते यमूला नेऊन देई. मोठ्या कागदावर पाने ओळीने नसतात. कागद घडी घालून कापल्यावरच ती लागतात. शिवाय मला जो ताव मिळेल तो मिळेल. त्यामुळे यमूने ती कादंबरी मधूनच वाचायला घेतली, मग सुरुवात, मग पुन्हा कुठले तरी पुढचे प्रकरण. मधल्या गोष्टी ती मनाने जुळवी आणि मला सांगे. पुष्कळदा तिचे लेखकापेक्षा बरे असे. म्हणे, "दादा, हा भाऊ नुसताच उसासे टाकतो बघ. गाडी का नाही जुंपत?" मी हसलो होतो.

दिवाळी आली. छापखान्यातली दिवाळी ज्याने पाहिली नाही त्याला ती धांदल सांगून कळायची नाही. ज्याला त्याला आपले पुस्तक पाडव्याला हवे. व्यापाऱ्यांची बिले, जाहिराती, लग्नसराईच्या पत्रिकांची आगाऊ बोलणी. शाईने नखे काळी, घरी फराळ चालला आहे की काय याचा पत्ता नाही. त्यात एक संगीत नाटक मंडळी ठाण्यात उतरली आणि त्यांच्या पदांचे पुस्तक आमच्याकडे आले. नाटकवाल्यांच्या पेटीवर गाण्याची तेव्हा नवी टूम होती. म्हातारे म्हणत, पेटी आली आणि गळा गेला. मला ती आवडे. त्या मंडळींचा नायिकेचे काम करणारा पोरगा पदे समजावून द्यायला छापखान्यात येई आणि माझ्या टेबलापाशी हळू आवाजात गुणगुणे. मी शब्द दुरुस्त करी, तो म्हणे, "वा रावसाहेब, तुम्ही आमच्यातच यायला हवे होते." मी सुखावत असे. हेही कबूल करून टाकतो.

वसुबारसेला कोलशेतचा तोच नावाडी दारात आला. यमूने निरोप दिला होता. काकांचे ठरले आहे, दिवाळी झाली की तिला केस उतरवायला त्र्यंबकेश्वराला नेणार. तिचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले: "भाऊबीजेला ये. ओवाळून घ्यायला नको, न्यायला ये." मग तो विचारू लागला, "काय सांगू मंग तिला?"

मी म्हणालो, कामातून मान वर करायला वेळ नाही, पण बघतो.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी मला बोलावले. मी काही मागितले नव्हते. त्यांनीच आपण होऊन विचारले. "काय हो, कल्याणला बहीण आहे ना तुमची? भाऊबीज करून या. दोन दिवस खिळे काही पळून जात नाहीत."

मी म्हणालो, "नको. पदांचे पुस्तक अडेल."

"अहो, अडू द्या की. गाणारे तोंडपाठ गातात."

"नको," मी पुन्हा म्हणालो. मालक हसले आणि बाकीच्यांना म्हणाले, याला म्हणतात कामाचा माणूस.

का नको म्हणालो? वर्षानुवर्षे मी मनाशी एकच उत्तर देत आलो: तुळशीचे लग्न होईपर्यंत आपल्या घरात असले अभद्र कोणी काढत नाही, तेव्हा दहा-बारा दिवस हाती आहेत, गर्दी ओसरली की जाऊ. हा हिशेब मी खरोखर केला होता. पण तो वरवरचा होता. खाली भीती होती. सकेशा विधवा घरात आणली की आमच्याकडचे पाणी बंद होईल, घरमालक जागा सोडायला सांगेल, कुटुंबाचे पहिले बाळंतपण तोंडावर आलेले, तिच्या माहेरची माणसे उंबरा चढणार नाहीत. ज्या स्नेह्यांपुढे मी कादंबरी वाचून दाखवी, त्यांतला एकही पानाला बसणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. वकीलही नाही. आणि काकांसमोर उभा राहून "हिला नेतो" म्हणायची माझ्यात धमक नव्हती. धांदल मला सोयीची होती. तिच्या आड मी उभा राहिलो.

घरी सांगितले की रजा मिळाली नाही. कुटुंब म्हणाली, "मालकांच्या बायकोला भेटू का मी? हळदीकुंकवाची ओळख आहे." मी तिच्यावर ओरडलो. तिने वळकटी माळ्यावर टाकली.

भाऊबीजेला दिवे लागले तेव्हा मी नाटकाच्या मांडवात पुढच्या बाकावर बसलो होतो. नायिका वनात एकटी, वाट पाहते आहे असे पद होते. पोराने असे म्हटले की लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावले. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. शेजारच्याला मी म्हणालो, चाल उत्तम आहे, पण दुसऱ्या कडव्यात शब्द ओढावे लागतात. असे म्हटल्याचे मला आजही स्पष्ट आठवते.

कल्याणात त्या दिवशी काय झाले ते मागाहून कळले. पारनाक्यावरची दोन घरे त्र्यंबकेश्वराला कार्तिकस्नानाला निघाली होती. आयती सोबत मिळते आहे, तर तुळशीच्या लग्नासाठी कशाला थांबायचे, असे काका म्हणाले. वडील म्हणाले, "सगळं रीतीनं होईल." भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माणसे यमूला घेऊन निघाली. आई सांगत होती की निघेपर्यंत यमू बंदराकडच्या खिडकीपाशी होती. कोणी टोचून बोलले, तर तिनेच सुनावले, "दादाचा काय दोष? त्याला कामातून सोडत नाहीत."

मी मार्गशीर्षात गेलो. ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. अंगावर विधवेचे तांबडे आलवण, पदर कपाळापर्यंत. मला पाहून उठली नाही, पण हसली. या वेळी तिने तोंड फिरवले नाही.

"गर्दी होती ना रे फार?"

"हो," मी म्हणालो.

तिथे मी सांगू शकलो असतो. सुपात तांदूळ सळसळत होते, आसपास कोणी नव्हते. ठाण्यात नाटक मंडळी उतरल्याचे तिने नावाड्याकडून ऐकले होते, ते कसे झाले असे तिने विचारले. मग म्हणाली, "त्या पुस्तकाचा शेवटचा ताव तू आणलाच नाहीस. काय झालं रे त्या मुलीचं?"

तो शेवट मी स्वतः तीनदा तपासला होता. मी म्हणालो, "आठवत नाही."

 सूप पुढे ओढून ती पुन्हा खडे वेचू लागली. त्यानंतर तिने छापलेला कागद हातात घेतला नाही, असे आई म्हणे. आई आणि वडील दोघेही आता नाहीत. काकाही नाहीत. यमू त्याच घरात चुलतभावाच्या संसारात स्वयंपाक करते. दर दिवाळीला कोणाबरोबर तरी माझ्यासाठी चकल्या पाठवते आणि सांगते, कामाच्या गर्दीत त्याला खायला सवड होत नसेल.

आता पुस्तके फार निघतात. दिवाळीच्या सुमारास तर पूर. विधवांच्या दुःखावर लिहिण्याची चालच पडली आहे. काही चांगले लिहितात, पुष्कळ नुसते रडतात. मी दोन्ही तपासतो. चांगले वाचले की अधिक त्रास होतो. आमच्या घरी जमणारे ते स्नेही आता सभांतून भाषणे करतात, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून टाळी वाजवतो.

या मासिकाच्या वाचकांनो, तुमच्यापैकी कोणी रंगूनला गेले, कोणी झांजिबारला. तुम्ही पत्रांत लिहिता की समुद्र आड आला. खरे असेल. माझ्या आड एक खाडी आहे, आणि ती ओलांडायला एक भरती पुरते. हल्ली तर मधल्या डोंबिवलीलाही गाडी थांबते. कोणी घर कुठले विचारले की मी ठाणे सांगतो. कल्याण म्हणायचा अधिकार राहिला नाही, आणि ठाण्यात जिन्याखालचा तो कोपरा मी कधी भरू दिला नाही. तिथे काही ठेवले की मला घरात बसवत नाही. घर म्हणजे माझ्यापुरते आता हेच.

हे छापून आले की माझे कुटुंब वाचील, आणि मला जे भोगायचे ते भोगीन. यमू वाचणार नाही. म्हणून लिहून माझी सुटका होत नाही. कल्याणला जाऊन, तिच्यासमोर बसून, मला रजा होती आणि मी आलो नाही, हे तोंडाने सांगणे एवढे मी तिचे देणे लागतो. ते अजून दिलेले नाही.