न फोडलेल्या गुठळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्याच्या बहिणीला नाही — जिला मी एरवी भाजी करपली तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल.

आमच्या घरी मी चेष्टेचा विषय आहे. टूथपेस्ट, सनस्क्रीन, च्युइंगम — काही घ्यायचं तर आधी मागची बारीक अक्षरं वाचते. टायटॅनियम डायऑक्साइड दिसलं की वस्तू परत फळीवर. पांढरेपणा आणणारी पूड ती. एस्प्लनेडच्या बाजारातल्या दुकानात लेक लाजून लांब जाऊन उभी राहते. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, हिला पांढरं काही वाढू नका गं, भातसुद्धा! मीही हसते. किती जपते नाही मी माझ्या माणसांना? या कौतुकाची मला शिसारी येते.

नवऱ्याची बँकेतली बदली इथे बंगालमध्ये झाली आणि मला एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी लागली. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर तपासायला आलेला नमुना घालायचा, त्या तगतात का ते बघायचं. हावड्याच्या एका लहान कारखान्यातून ही पूड आली. नॅनो — म्हणजे कण इतके बारीक, की पेशीच्या आतही शिरतात. तिथल्या बायका ती पिशव्यांत भरत. खोकल्यानं हैराण होऊन त्यांनी मालकाकडे चांगले मास्क आणि धूळ ओढून घेणारा पंखा मागितला होता. तपासणीत काही वाईट निघालं तर देतो, असं मालक म्हणाला होता.

आता पुढचं. ही पूड पाण्यात घातली की पिठासारख्या तिच्या गुठळ्या होतात. म्हणून आधी ध्वनिलहरींच्या यंत्रानं त्या फोडायच्या आणि मगच पेशींवर घालायचं, अशी आमची रीत. पहिल्या खेपेला मी नीट फोडल्या. पेशींवर ताण दिसला. मात्रा वाढवली तशा बऱ्याच मेल्या. थाळीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं. एका खेपेवरून काही ठरत नाही, हेही कळतं. पुन्हा करायला हवं होतं, ताज्या पेशी वाढवून. पण दुर्गापूजेची सुट्टी तोंडावर आलेली, पुण्याची तिकिटं काढलेली.

आमचे वरिष्ठ दासबाबू सहज म्हणाले, कारखान्यात कुठे कोण गुठळ्या फोडतं? तशीच घालून बघा. त्यांनी दटावलं नाही, धमकावलं नाही. उत्तर मला येत होतं — कारखान्यात ती पाण्यात नसते, हवेत उडते, आणि त्यातली सगळ्यात बारीक धूळ श्वासाबरोबर खोल उतरते. मी गप्प बसले. तशीच घातली. पेशी ठणठणीत! पहिली खेप ‘प्रयोग बिघडला’ म्हणून बाजूला टाकली. एकही आकडा खोटा लिहिला नाही हं — बघा, अजूनही हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

इथवरच असतं, तर मी कदाचित ते पचवलंही असतं.

मालक खूश झाला. बायकांचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणाला, तुम्हीच येऊन सांगा. मी गेले. का गेले? नाही म्हणता आलं असतं. मोडक्या बंगालीत मी सांगितलं की तपासणी चांगली आली आहे. मग त्यांच्यातली मालतीदी पुढे आली — माझ्याच वयाची, पापण्या पांढऱ्या, नाकातोंडावर गमछा घट्ट बांधलेला. त्याच्या आडूनच तिनं विचारलं, “दीदी, आमादेर किछू होबे ना तो?” आम्हाला काही होणार नाही ना.

“ना,” मी म्हटलं. “किछू होबे ना.”

ती हसली. हसत हसत तिनं मानेमागची गाठ सोडली, गमछा काढून खांद्यावर टाकला आणि मोकळा, लांब श्वास घेतला. उकडत होतं फार. तिचं बघून बाकीच्यांनीही सोडले.

परत बांधा — एवढं बंगालीत मला नक्की येत होतं. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभी राहिले. मालकानं मिठाई मागवली होती. मी तीही खाल्ली.

नंतर लाँचनं नदी ओलांडून घरी आले आणि ठरल्या दिवशी पुण्याला गेले. त्या पुडीनं मालतीदीला काही झालं का? मला माहीत नाही. विज्ञानही अजून छातीठोकपणे सांगत नाही, आणि त्या ‘अजून’च्या मागे मी आरामात लपले आहे. माझ्या लेकीच्या बाबतीत मात्र मी त्या ‘अजून’वर एक दिवसही थांबले नाही.

हावडा काही लांब नाही. मी पुन्हा कधी गेले नाही.