दुसऱ्या व्हायोलिनचं पुस्तक

सांताक्रूझ विमानतळावर आईने माझी व्हायोलिनची पेटी शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. "झिला, वेळेर जेव हां," एवढंच म्हणाली. मागून धाकटा वसंत ओरडला, "दादा, गोरा होऊन ये रे!" सगळे हसले.

डिलाईल रोडच्या माझ्या शेजाऱ्यांनो, तुम्ही म्हणालात की मी जर्मनीला गेलो आणि शेफारलो. तसं नव्हतं. खरं काय ते आता सांगतो.

दादरच्या पिंटो मास्तरांकडे तीनेकशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातल्या बारा सोनाट्यांचा, म्हणजे वाद्यरचनांचा, एक संग्रह होता. दोन व्हायोलिनं आणि चेलो, प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. दोन्ही व्हायोलिनं एकमेकांत अशी गुंततात की कोण कुठलं वाजवतंय, हे नुसतं ऐकून कळत नाही. मी आणि वसंत व्हायोलिन वाजवायचो, मास्तर चेलो. मी थोरला, म्हणून बहुतेक वेळा पहिलं पुस्तक माझ्याकडे असे. पण कुणी डोक्यावर बसू नये म्हणून मास्तर मध्येच पुस्तकं बदलायला लावत.

त्यातल्या एका सोनाट्याची टेप मास्तरांनी जर्मनीतल्या एका संगीत विद्यालयाला पाठवली, सोबत आम्हा दोघा भावांचे अर्ज. निवड माझी झाली.

तिथल्या पहिल्याच क्लासला प्रोफेसरांनी ती टेप लावली. संथ भागातल्या दुसऱ्या व्हायोलिनच्या एका हरकतीवर बोट रोखून म्हणाले, "ही ऐकली आणि तुला घेतलं." टेपच्या दिवशी पहिलं पुस्तक माझ्यापुढे होतं, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणजे हरकत वसंतची, नावांची गफलत झालेली. मी गप्प राहिलो. ऑर्केस्ट्रात लागलो, तिथेच संसार केला. वसंत बँकेत चिकटला. त्याला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी आलोच नाही. आई गेली तेव्हा फोनवर म्हणालो, कॉन्सर्ट आहे. कॉन्सर्ट नव्हती.

यंदा आलो. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे, वसंत बाविसाव्या मजल्यावर राहतो. चहा समोर यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं.

"अरे दादा, वेडा का तू? त्या दिवशी संथ भागात खाली कोळीण ओरडली, 'बांगडेऽऽ!' टेप फुकट गेली. मास्तर चिडले, पुस्तकं बदलायला लावली आणि परत वाजवायला लावलं. पाठवली ती दुसरी टेप, अर्जातही तसंच लिहून. ती हरकत तुझीच."

"तुला कसं आठवतं?"

"बांगड्यांवाली टेप माझ्याकडेच आहे ना! पोरांना ऐकवून हसवायचो."

त्याने ती लावली. दुसऱ्या व्हायोलिनवर वसंत होता. साधं, नीट वाजवलं होतं त्याने. हरकत नव्हतीच. मी काहीच चोरलं नव्हतं. नसलेल्या चोरीपायी जन्मभर लपून बसलो होतो.

वसंतने टेप बंद केली. हसू गेलं होतं. "म्हणजे आईच्या वेळी तू यासाठी आला नाहीस?"

मी होकारार्थी मान हलवली. तो उठून खिडकीशी गेला.

जिथे आई गेली ती खोली आता नाही. तिच्या शेवटच्या दिवसांचं जे काही आहे ते वसंतपाशी आहे. मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तिच्याबद्दल विचारतो. तो कधी सांगतो, कधी टीव्ही लावतो. तो सांगेल तेवढंच आता माझं घर.