परत म्हणजे काय?

गोऱ्या साहेबाला एका शब्दावरून भर कचेरीत अडवून धरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच झाला, आणि तो आमच्या मावशीचा नवरा होता. काका कोर्टात दुभाषे होते. साक्षीदाराचं मराठी साहेबासाठी इंग्रजीत करणं हे त्यांचं काम. पण ‘अगेन’ या शब्दाशी त्यांचं वैर होतं. लोक ‘परत’ म्हणाले की कारकून डोळे मिटून ‘अगेन’ लिहितात, याचा त्यांना भयंकर संताप. घरीही सुटका नव्हती. मावशीनं “भात परत वाढू?” विचारलं, की हे ताटावर हात आडवा धरत. “परत म्हणजे? आणखी वाढणार, की वाढलेला काढून घेणार?” शेजारचे खानचाचा “परत येतो” म्हणून निघाले, की त्यांना उंबऱ्यातच गाठत. “आत्ता फिरून येणार, की पुन्हा कधीतरी? चहाचं आधण त्यावर ठरतं!” चाचा हात जोडत. “मियाँ, मी येतच नाही, मग तर झालं?” आणि संध्याकाळी हजर होत.

मी तेव्हा नुकतीच वकिली सुरू केली होती. शिंदीच्या दारूच्या दुकानापुढे निदर्शनं करणाऱ्या एका विणकर पोराचा खटला चालू होता, आणि मी मागच्या बाकावर बसून तो ऐकत होतो. पोलिसांनी हाकलल्यावरही तो पुन्हा दुकानापुढे आला, हा आरोप. शाबीत झाला तर पोरगा तुरुंगात. साक्षीला त्याच्या गल्लीतली एक धनगर म्हातारी होती. ती म्हणाली, “पोलिसांनी हाकलला, मग त्यो परत आला.”

सरकारी वकिलांनी खूश होऊन लगेच ‘अगेन’ सुचवलं. साहेब लिहायला लागला, “केम अगेन.”

“नाही साहेब,” काका म्हणाले. “याचा अर्थ ‘केम बॅक’ही होतो. कुठं आला, ते बाईंना विचारावं लागेल.”

“तुम्ही ‘अगेन’ म्हणा.”

“म्हणणार नाही.”

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. नोकरी प्यारी आहे का, असं त्यानं विचारलं. “आहे,” काका म्हणाले, “पण न बोललेलं मी बाईंच्या तोंडी घालणार नाही.” आणि ते हाताची घडी घालून उभे राहिले. शेवटी साहेबानंच पेन आपटून विचारायला सांगितलं.

“आजी, कुठं परत आला?”

“कुटं म्हंजी? घरला! माज्या दारावरनंच गेला की. मी हाक मारली तर बोलला बी न्हाय, लई मार बसलावता.”

पोरगा सुटला. महिनाभरात काकांची बदली माढ्याला झाली, कोर्टाच्या कागदांच्या नकला उतरवायच्या कामावर. मी भेटायला गेलो, तेव्हा कागदांच्या ढिगाआड ते एकटेच बसले होते.

“पस्तावा होतो का, काका?”

“छट्!” ते गरजले. मग टाक दौतीत बुडवून तसाच धरून राहिले. बाहेर झाडाखाली पक्षकारांचा गलका चालला होता. तिकडे कान देत ते हळूच म्हणाले, “फक्त माणसांचं बोलणं आता माझ्यापर्यंत येत नाही रे.”