वळणावर बंद पडणारी गाडी

माझ्या बायकोनं आन् मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे समोरच्या गॅरेजवाल्याले चहा नेऊन देणं. मलकापुरातला हा सर्वज्ञानी माणूस. जगातली सारी अक्कल याचीच. हातातला पाना नाचवत दर वाक्याला "लिहून घ्या" म्हणायचा. शर्यतीसाठी बनवलेली त्याची गाडी मात्र दर वळणावर बंद पडे. जोरात वळलं की टाकीतलं पेट्रोल एका अंगाले जाई आन् इंजिन उपाशी राही. शर्यत तर तोंडावर आलेली.

बायको म्हणाली, "भाऊ, डोक्यावरच्या घागरीत आम्ही पळसाची पानं टाकतो, मंग पाणी हिंदकळत नाही. टाकीत काही आडवं लाव ना."

"काकू, हे इंजिन हाय, पाणवठा नाही. लिहून घ्या!"

त्याच रात्री ती झोपेत गेली.

सकाळी आम्ही तिरडी बांधून राह्यलो होतो, तर गल्लीच्या वळणावरून त्याची गाडी सुसाट आली. बंद पडली नाही. हा हसत उतरला, तिरडी पाह्यली आन् पायातल्या चपला काढल्या. मग जमलेल्या लोकांले म्हणाला, "टाकीत आडवे पत्रे बसवले. अक्कल काकूची. लिहून घ्या."