एकेचाळीस नंबरची पेटी

दोन हजार सालानंतर आमच्या हडपसरात फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांची साथ आली. कुणाला जमिनीचे पैसे मिळाले होते, कुणाला संगणकाचा पगार. सगळ्यांना उंच गाडी हवी होती. त्या गाड्यांनी चढलेली सर्वांत अवघड चढण म्हणजे सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा कशासाठी असतो, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. एकाने त्याच दांड्याला भाजीची पिशवी अडकवलेली मी पाहिली आहे.

नागोराव गावंडेला मात्र खरोखर चढणारी गाडी हवी होती.

नागोराव वाशिमकडचा. पंच्याहत्तर साली पुण्यात आला आणि सव्वीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर गिअरच्या पेट्या जोडत राहिला. पेटी जोडून झाली की लाकडी दांडक्याचं एक टोक पेटीला टेकवायचा, दुसरं कानाला, आणि हाताने पेटी फिरवायचा. जरा खरखर ऐकू आली की सगळी पुन्हा खोलायची. बाकीचे पाळीला आठ पेट्या काढत, हा पाच. सुपरवायझर शिव्या घाली. पण त्याच्या पेट्या कधी परत आल्या नाहीत. आठ काढणाऱ्यांच्या येत, आणि त्या दुरुस्त करायला पुन्हा नागोरावच लागे. दोन हजार एक साली कारखान्याने आम्हाला स्वेच्छा निवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची होती.

त्याची मुलगी श्रद्धा गुरांची डॉक्टर झाली. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका दूध संघाने तिला काम देऊ केलं. पानशेतच्या पुढे डोंगरातल्या सहा वाड्यांवर रोज जायचं. डांबर संपल्यावर तीन किलोमीटर दगड आणि मुरूम. दुचाकीवरून औषधांच्या पेटीसकट ती तिथे दोनदा पडली होती. संघाची अट सरळ होती: एक जूनला स्वतःची चढणारी गाडी दाखवा, नाहीतर काम दुसऱ्या डॉक्टरला. निवृत्तीच्या पैशातले दीड लाख नागोरावने बाजूला काढले. त्याच्यापुढे एक रुपया नाही.

दीड लाखात जुनीच गाडी येणार, हे उघड होतं. पहिला सल्ला देणारा आला तो श्रद्धाचा मामेभाऊ साई. येरवड्याकडच्या एका कंपनीत संगणकावर काम करतो. छापलेला कागद घेऊन आला. त्यात अकरा गाड्या, प्रत्येकीला गुण.

"काका, मी सगळा डेटा अ‍ॅनलाइज केलाय. ही टॉपला आहे. आठ पॉइंट चार."

"पाहिलीस?" नागोरावने विचारलं.

"फोटो पाहिले ना. नऊ फोटो आहेत."

"खालून एक तरी आहे?"

"खालून कोण फोटो काढतं, काका?"

"मग आठ पॉइंट चार कुणाले दिले? रंगाले?"

नागोराव चिडला की पुण्याचं मराठी सोडून वऱ्हाडात जातो. साईने कागद घडी करून खिशात ठेवला. त्याने नंतर विषय काढला नाही, हीच त्याची मदत.

आम्ही दोघं बाहेर पडलो. बरोबर एक पोतं, एक जॅक, एक स्क्रू ड्रायव्हर. जुनी जीप तपासायची नागोरावची रीत साधी होती. पुढचं एक चाक जॅकने उचलायचं आणि हाताने फिरवायचं. चाकाबरोबर गाडीखालचा लांब शाफ्ट फिरला, तर चाक आणि पेटी यांची गाठ शाबूत आहे. फिरला नाही, तर मधला एखादा भाग कुणीतरी काढलेला आहे. वडापवाले, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून भाडं मारणारे, हे सर्रास करतात. पुढचा सरंजाम काढला की गाडी हलकी चालते, डिझेल वाचतं, आणि काढलेला माल विकून वर चार पैसे येतात. दांडा मात्र जागेवर राहतो. तो पुढेमागे होतो, खटकही वाजतो. गिऱ्हाईक खूश.

दहा मिनिटांचं काम. पण त्यासाठी मातीत आडवं व्हावं लागतं, आणि आडवं व्हायची कुणाची तयारी नसते. मालक आमच्याकडे चोर पाहावेत तसे पाहत. एकाने तर सांगितलं, "आजोबा, गाडी वरून बघायची असते." त्याच्या गाडीचा शाफ्ट फिरला नाही. पंधरा दिवसांत नऊ गाड्या पाहिल्या, नऊ नाकारल्या.

दहावी गाडी संपत नावाच्या माणसाच्या गाडीबाजारात होती. संपत मूळचा तिथला शेतकरी. ऊस होता तिथे आता कंपन्यांच्या काचा. उरलेल्या वीस गुंठ्यांत तो जुन्या गाड्या विकतो. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. मातीत जन्मलेला माणूस, आता मातीवर उतरताना बूट सांभाळतो.

"ही बगा. एक नंबर हाय. पत्रा जरा गेलाय, पर काळीज वाघाचं."

जीप खरंच चांगली वाटत होती. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं, धूर बेताचा. नागोराव पोतं अंथरून खाली शिरला. स्क्रू ड्रायव्हरने पेटीवरचा चिखल खरवडल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला.

"काय झालं रे?" मी वाकून विचारलं.

"रामदास, एकेचाळीस नंबर आहे."

कारखान्यात प्रत्येक जोडाऱ्याचा नंबर असे. पेटी पास झाली की तो आपला नंबर तिच्या कडेवर ठोकी. एकेचाळीस म्हणजे नागोराव. पुढचा जोर आणि मागचा जोर वाटणारी ती पेटी त्याच्याच हातची होती. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची असावी. त्याने दांडकं मागितलं. मी बाजूला पडलेली काठी दिली. संपतच्या माणसाने गाडी मागून उचलून पेटी फिरवली. काठीला कान लावून नागोराव ऐकत राहिला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं ते मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. माणूस हसत होता.

जॅक माझ्या हातात होता. "पुढचं चाक उचलू?"

"काहून? पेटी माही आहे."

मी उचलायला हवं होतं. नाही उचललं. नऊ गाड्यांना केलेलं काम दहावीला केलं नाही, आणि दोघांच्या मिळून पन्नास वर्षांच्या नोकरीला त्या दिवशी काडीची किंमत उरली नाही. एक लाख पंचेचाळीस हजारांत सौदा झाला. संपतने पेढे दिले. पेढे चांगले होते.

अठरा मेला श्रद्धा, नागोराव आणि मी पानशेतच्या पुढे गेलो. श्रद्धा चालवत होती. डांबर संपलं, चढ आला, तिने दांडा ओढला. खटक वाजला. पुढच्या शंभर पावलांवर मागची चाकं मुरमात गरगर फिरू लागली. पुढची नुसती उभी. शेण गोळा करणारी एक बाई टोपली खाली ठेवून बघू लागली.

"ढकलू का, डॉक्टरीणबाय?"

मी मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढचं चाक जॅकवर घेतलं. फिरवलं. खालचा शाफ्ट जागचा हलला नाही. अ‍ॅक्सलच्या आत, चाकापर्यंत जोर नेणारे दोन्ही दांडे कुणीतरी काढून विकले होते. पेटी उत्तम होती. जोर बाहेर काढत होती, पण पुढे तो घ्यायला कुणी नव्हतं. दहा मिनिटांचं काम करायला आम्ही साठ किलोमीटर आलो होतो.

परतीच्या वाटेवर श्रद्धा एवढंच म्हणाली, "तेरा दिवस आहेत, बाबा."

दुसऱ्या दिवशी संपत खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"पावणं, अर्धा तास गाडीखाली झोपला व्हता तुम्ही. म्या काय तुमचं डोळं बांधलं व्हतं?"

माणूस लबाड होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. हे दोन्ही एकदम पुढे आलं की फार जड जातं. नागोराव वळला आणि बाजारातून बाहेर पडला.

मग त्याने काम काढलं. नाना पेठेत जुन्या सुट्या भागांची सगळी दुकानं पालथी घातली. एका बाजूचा दांडा मिळाला, दुसरा लांबीला जुळेना. दुकानदार म्हणाला, "बसवा हो, चालतंय." नागोराव तसाच चालू पडला. दुसरा सासवडजवळ एका भंगारवाल्याकडे, गंजलेल्या जीपमध्ये सापडला. ती जीप आम्ही दोघांनी उन्हात तिथेच खोलली. झिजलेला बुश कसबा पेठेत लेथवर नवा करून घेतला. वर लागलेले पैसे नागोरावच्या बायकोच्या, यमुनावहिनींच्या पाटल्यांतून आले. तेही साईच्या कागदात नव्हतं.

नऊ दिवस नागोराव घरासमोर गाडीखाली होता. पंचावन्नाव्या वर्षी पाठ धरायची. तरी उठायचा नाही. श्रद्धाने जुना सलवार-कमीज चढवला आणि शेजारी आडवी झाली. तिच्या हाताला स्पॅनर बसत होता. जाणारे-येणारे थांबून विचारत, "मेकॅनिक नाही मिळाला का?" उंच गाड्यांतलेच असत. त्यांना आम्ही मेकॅनिक वाटलो नाही, याचं मला नवल नाही. ते काम होताना कधी पाहत नाहीत.

दांडे बसल्यावर नागोरावने चाक फिरवून बघितलं. शाफ्ट फिरला. त्याने दुसरं चाक बघितलं. मग परत पहिलं.

एकतीस मेला आम्ही पुन्हा त्या चढावर गेलो. दूध संघाचा सचिव पोपटराव वर उभा होता, हातात घड्याळ. श्रद्धाने दांडा ओढला. पुढच्या चाकांनी मुरूम धरला. जीप कण्हत, दगड मागे फेकत चढली. कुठे थांबली नाही. वर जाऊन उभी राहिली तेव्हा पोपटरावाने घड्याळ खिशात टाकलं आणि म्हणाला, "उद्यापासून या. म्हणजे आत्ताच या. एक गाय अडलीय."

गोठ्याच्या दारात नागोरावने मुलीला थांबवलं. पोपटराव ऐकत होता, गायीचा मालक ऐकत होता.

"दहा मिनिटांचं काम होतं, श्रद्धा. मी केलं नाही."

तिने बाह्या वर केल्या होत्या. हाताला साबण चोळत होती.

"बाबा, शिंगं धरा. घट्ट. हलू देऊ नका."

त्याने धरली. पाऊण तास धरली. वासरू जिवंत निघालं. मी बाहेर येऊन पाणी प्यायलो तेव्हाही त्याने शिंगं सोडलेली नव्हती, कारण तिने सोडा असं म्हटलं नव्हतं.