लाईनीतली बादली

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी कष्ट घेतलेत. एका बादलीनेसुद्धा.

इंग्रजी मी पुढे कॉलेजात शिकले, पण त्यातला एक शब्द मला बोलता यायला लागल्यापासून येत होता. लाईन. आम्ही सुरतेत लिंबायतला पत्र्याच्या खोल्यांच्या लाईनीत राहायचो. तिला नाव नव्हतं, ‘पिंपळाकडची लाईन’ म्हटलं की पोस्टमनला समजे. मागच्या अंगाला रेल्वेची लाईन. गावचा पाहुणा ताप्ती लाईनने यायचा, आणि आमच्या लेखी जग म्हणजे त्या लाईनीची दोन टोकं, इकडे सुरत आणि तिकडे खानदेश. आबा, म्हणजे माझे वडील, लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होते. वीज गेली असं आमच्याकडे कोणी म्हणत नसे, ‘लाईन गई’ म्हणत. लाईन गेली की खात्यातला खडखडाट एकदम थांबायचा आणि शेजारच्या घरातलं भांडण स्वच्छ ऐकू यायचं. पोरगा बिघडला की तो लाईनवर नाही, सुधारला की लाईनवर आला, आणि कोपऱ्यावर उभा राहून पोरींकडे बघायला लागला की पुन्हा लाईनच, फक्त ती तो मारायचा. हे कोणाला शिकवावं लागलं नाही.

आईच्या मनातली लाईन मात्र एकच, नळाची. पाणी थोडाच वेळ यायचं, म्हणून बायका आधीच भांडी लावून कामाला निघून जात. नळाजवळ माणूस कोणी नसे, नुसत्या बादल्या, डबे, एखादा फुटका हंडा. आणि तरी ती लाईन मोडत नसे. बायका तिथे एकमेकींच्या झिंज्या धरत, सात पिढ्या काढत, पण दुसरीची बादली मागे सारायची नाही. हलवायची तर पुढेच. आई म्हणायची, “बादली म्हंजे मानूस शे.” आमची पत्र्याची होती, काठाला पोचा आलेला, कडीला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली.

मी मराठी शाळेतून एस.एस.सी. पास झाले, तेव्हा गावाहून काका नंदुरबारकडचं स्थळ घेऊन आले होते. आबांनी त्यांना सरळ सांगितलं, “कॉलेजात नाव लागलं तर शिकेल. नाही लागलं तर दिवाळीनंतर बार उडवू.”

काकांनी विचारलं, “कोनती लाईन लेई राह्यनी ती?”

“आर्टची.”

“म्हंजे चित्रं काढी का?”

“नही. इंग्रजी शिकी.”

“मंग नवराले इंग्रजीमा शिव्या देई,” काका म्हणाले, आणि आईने पुढे केलेला चहा घेतला. पण मुक्काम त्यांनी हलवला नाही. नाव लागतं का नाही ते बघूनच मी जाईन, म्हणाले.

माझे मार्क बरे होते, फार नव्हते. कॉलेज अठवा लाईन्स नावाच्या भागात. आर्ट्सच्या उरलेल्या जागा एका सकाळी, जो पुढे असेल त्याला, अशा देणार होते. आणि नेमकं त्याच सकाळी मला शाळेत जाऊन दाखल्यावर हेडमास्तरांची सही घ्यायची होती. तोवर लाईनीत आबा उभे राहणार, पण त्यांना खात्यात फार उशीर करून चालणार नव्हतं. शेजारचा कारागीर त्यांचे लूम बघणार होता, पण तोही किती वेळ बघणार? यावर आईने तोडगा काढला. तिने बादली विसळली आणि आबांच्या हातात दिली. “तुम्हनं काम निंघनं का ही ठेवा नि जा.”

आबांनाही त्यात वावगं काही वाटलं नाही. धुतलेलं धोतर, टोपी आणि हातात बादली, असे ते कॉलेजात गेले.

मला सही मिळायला उशीर झाला. बसने पोचले तेव्हा लाईन खिडकीपासून व्हरांडाभर जाऊन गेटाला टेकली होती. आबा कुठे दिसेनात. मी खांबाखांबाशी बादली शोधली. कोपऱ्यात माळ्याचे झारे होते, तिथेही नव्हती. कोणीतरी उचलून फेकली असणार. इथे टेरिलीनच्या पँटा घातलेली मुलं होती, यांना काय माहीत बादली म्हणजे माणूस? नंदुरबारचं स्थळ डोळ्यांपुढे आलं. मुलगा वाईट नव्हता, दुकान होतं त्याचं. पण मला दुकानात बसायचं नव्हतं. मी गेटाकडे, लाईनीच्या शेपटाला निघाले.

“ए छोकरी,” मागून हाक आली. “आ लाल चिंधीवाळी डोल तारी?”

खिडकीपासून पाच-सहा जणांवर एक सुरती बाई उभ्या होत्या. आईच्या वयाच्या, गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर पदर. त्यांच्या पायाशी, त्यांच्या पुढच्या जागेत, आमची बादली. मी मान हलवली.

“मग बघतेस काय, उभी रहा इथे,” त्या गुजरातीत म्हणाल्या. “तुझे बापा मला सांगून गेलेत. बेन, नळाच्या लाईनीसारखंच समजा, म्हणाले. मी म्हटलं, भाई, आमच्या गोपीपुऱ्यातपण नळच आहे, दरिया नाही.” शिपायाने बादली एकदा माळ्याची समजून उचलून नेली होती. बाईंनी ती त्याच्याच हातून परत आणवून जागेवर ठेवली होती आणि लाईन सरकली की पायाने पुढे ढकलत होत्या.

पुढचा एक मुलगा वळून म्हणाला, “पाणी भरवा आव्या छो के भणवा?” पाणी भरायला आलात का शिकायला.

बाईच बोलल्या, “बंने. तारे शुं?” दोन्हीला, तुला काय त्याचं.

खिडकीतल्या क्लार्कने माझे कागद बघितले, मग बादली बघितली, आणि शिक्का मारला. नाव लागलं. मी बाजूला झाले तेव्हा बाई गेटाकडे मान उंचावून बघत होत्या. त्यांची मुलगीसुद्धा दाखला आणायला गेली होती आणि अजून आली नव्हती. नंबर तर आता त्यांचाच. बाहेर जाऊन बघावं तर जागा जाते. मी बादली उचलून त्यांच्या जागेवर ठेवली आणि मागच्या मुलाला सांगितलं, “ही यांची. मागे सारायची नाही.” त्याने मान डोलावली. एवढ्या वेळात लाईनीला ती बादली सवयीची झाली होती. बाई लगबगीने गेटाकडे गेल्या, मी बस धरली.

तशीच खात्यावर गेले. आत लूमच्या आवाजात माणसं ओठांवरूनच बोलणं ओळखायची. मला तसं ओठांनी बोलणं जमत नव्हतं. मी आबांना दोनदा सांगितलं, त्यांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडले, आणि त्याच क्षणी लाईन गेली. सगळे लूम थांबले आणि “आबा, माझं नाव लागलं” हे अख्ख्या खात्याने ऐकलं, बाहेर गादीवर बसलेल्या शेठनेही.

शेजारचा कारागीर म्हणाला, “आते इंग्रजी शिकशी ना? मंग ह्या लाईनले इंग्रजीमा हाक मार, लवकर येई.”

 आबांनी टोपी काढली, त्यावरची रुई झटकली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “बादली?”

मी सांगितलं.

“बरं केलं,” ते म्हणाले. “पण तुझ्या आईला तूच सांग.”

काका दुसऱ्या दिवशी ताप्ती लाईनने परत गेले. जाताना माझ्या हातावर रुपया ठेवला आणि शिव्यांबद्दल पुन्हा बजावलं.

नाव लागलं त्या संध्याकाळी आईने नळाच्या लाईनीत आबांचा जेवणाचा रिकामा डबा लावला होता. शेजारणी हसल्या, “आज डबाभर पानीमा भागी जाई का?”

आई म्हणाली, “मनी बादली कॉलेजमा गई शे.” ती हे पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, माझं नाव लागल्याचं सांगायच्या आधी.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले होते. तास सुरू व्हायला वेळ होता. तेवढ्यात दारात एक मुलगी आली. गुजराती पद्धतीची साडी, नवी वही आणि हातात लाल चिंधीची बादली. वर्ग हसला. तिने हसणाऱ्यांकडे लक्षही दिलं नाही. आईने वर्णन केलेली मुलगी शोधावी तशी बाकांवरून नजर फिरवत ती नेमकी माझ्यापाशी आली, बादली आम्हा दोघींच्या पायांच्या मध्ये ठेवली, आणि बसली.